दहा अंकी संख्येची सांगोपांग तपासणी : ६,५९,११,३५,०९६ चे गुणधर्म पायरीपायरीने

एखादी मोठी पूर्ण संख्या समोर आली की तिच्याविषयी पुष्कळ प्रश्न विचारता येतात. ती मूळ संख्या आहे की संयुक्त, तिला किती विभाजक आहेत, त्या विभाजकांची बेरीज किती, ती पूर्ण वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येते का, द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ती किती जागा घेते, असे हे प्रश्न असतात. ते सुटे सुटे हाताळले तर प्रत्येकासाठी नव्याने कष्ट पडतात. पण त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे संख्येचे मूळ अवयव हाती आले की थोड्याशा गुणाकारांत मिळतात. म्हणून खरे काम अवयव पाडण्याचे आहे, आणि ते कोणत्या क्रमाने करावे यावर सगळा भार आहे. कमी कष्टाच्या कसोट्या आधी घ्याव्यात, सापडलेला प्रत्येक अवयव लगेच बाजूला काढून संख्या लहान करत न्यावी, आणि प्रत्येक भागाकाराचा दुसऱ्या रीतीने पडताळा घ्यावा.

हा क्रम पुढे ६,५९,११,३५,०९६ या एकाच संख्येवर शेवटपर्यंत चालवून दाखवला आहे. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे सर्व काम होते. आपल्यापुढे दुसरी कोणतीही संख्या असली तरी पायऱ्या याच राहतील, फक्त काम कोणत्या पायरीवर अडते ते बदलेल.

पहिली पायरी : आकार नेमका करून घेणे

संख्या प्रथम गट पाडून लिहावी आणि शब्दांत वाचावी: सहा अब्ज एकोणसाठ कोटी अकरा लाख पस्तीस हजार शहाण्णव. ही औपचारिकता वाटेल, पण मोठ्या संख्यांच्या कामात सर्वाधिक चुका अंक गळाल्याने किंवा दोन अंकांची अदलाबदल झाल्याने होतात, आणि मोठ्याने वाचताना गळालेला अंक कळतो. अंक एकूण दहा आहेत.

यानंतर वर्गमूळाचा अंदाज घ्यावा, कारण पुढे तो अनेकदा लागतो. ८११८५ चा वर्ग ६५९१००४२२५ येतो आणि ८११८६ चा वर्ग ६५९११६६५९६ येतो. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणजे ती पूर्ण वर्ग नाही. त्याचबरोबर एक महत्त्वाची मर्यादाही मिळाली: संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव ८११८५ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता.

द्विमान पद्धतीतला आकार २ च्या घातांशी तुलना करून कळतो. २ चा ३२वा घात ४२९४९६७२९६ आहे आणि ३३वा घात ८५८९९३४५९२ आहे. आपली संख्या त्यांच्या मध्ये येते, म्हणून द्विमान रूपात तिला ३३ अंक लागतात. ते रूप असे आहे: १ १००० १००० ११०१ ११०० १०११ ११०१ ०१११ १०००. यात १ हा अंक १८ वेळा आला आहे. शेवटी तीन शून्ये आहेत, म्हणजे संख्येला ८ ने निःशेष भाग जातो आणि १६ ने जात नाही. पुढच्या पायरीत हेच दशमान अंकांवरून तपासू, आणि दोन्ही उत्तरे जुळली तर द्विमान रूपांतराच्या शेवटच्या टोकाची खात्री आपोआप होईल.

दुसरी पायरी : शेवटचे अंक

एकक स्थानी ६ आहे, म्हणून संख्या सम आहे आणि तिला ५ ने भाग जात नाही. १०० ला ४ ने, १००० ला ८ ने आणि १०००० ला १६ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे ४ साठी शेवटचे दोन, ८ साठी शेवटचे तीन आणि १६ साठी शेवटचे चार अंक पाहावे लागतात. येथे शेवटचे तीन अंक ०९६ आहेत. ९६ ला ८ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ९६ ला १६ ने आणि ३२ नेही भाग जातो हे पाहून घाईने पुढचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण १६ साठी तीन अंक पुरत नाहीत. चार अंक घेतले तर ५०९६ मिळतात, आणि त्यांना १६ ने भागल्यास ८ बाकी उरते. म्हणून २ हा अवयव नेमका तीनदा येतो, आणि द्विमान रूपाच्या शेवटी असलेल्या तीन शून्यांशी हे जुळते.

२ चा घातांक ३, म्हणजे विषम, आहे. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो, म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही हे वर्गमूळ न काढताही येथेच सिद्ध होते.

८ ने भागल्यावर ८२,३८,९१,८८७ उरतात.

तिसरी पायरी : अंकांची आणि गटांची बेरीज

१० ला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून १० च्या प्रत्येक घाताची बाकीही १ असते आणि संख्येची बाकी तिच्या अंकांच्या बेरजेच्या बाकीएवढी येते. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ६ + ५ + ९ + १ + १ + ३ + ५ + ० + ९ + ६ = ४५ आहे. ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ही कसोटी २७ पर्यंत ताणता येत नाही, कारण १० ला २७ ने भागल्यास बाकी १ उरत नाही. २७ साठी ९ ने प्रत्यक्ष भागून आलेल्या संख्येवर पुन्हा ३ ची कसोटी लावावी. ८२३८९१८८७ ला ९ ने भागल्यास ९,१५,४३,५४३ मिळतात, त्यांच्या अंकांची बेरीज ३४ आहे, आणि तिला ३ ने भाग जात नाही. म्हणून ३ हा अवयव नेमका दोनदा येतो.

अंक एकेक न घेता उजवीकडून दोन दोनचे गट करून बेरीज घेतली तर एकाच बेरजेत ९ आणि ११ या दोन्हींचा निकाल लागतो, कारण १०० ला ९९ ने भागल्यास बाकी १ उरते. मूळ संख्येसाठी ६५ + ९१ + १३ + ५० + ९६ = ३१५. या ३१५ ला ९ ने भाग जातो. ११ ने भागल्यास मात्र ७ बाकी उरते, म्हणजे ११ हा अवयव नाही. ही ७ बाकी लिहून ठेवावी, पडताळ्यासाठी ती लगेच उपयोगी पडेल. तीन तीनचे गट घेतले तर ९९९ = २७ × ३७ यामुळे २७ आणि ३७ तपासता येतात: ६ + ५९१ + १३५ + ९६ = ८२८. या बेरजेला २७ ने भागल्यास १८ आणि ३७ ने भागल्यास १४ बाकी उरते, म्हणून दोन्हींनी भाग जात नाही.

अंकांच्या बेरजेचा विषय निघाला आहे म्हणून एक भेद स्पष्ट करतो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५ आहे, पण खुद्द संख्येला ५ नेही भाग जात नाही, म्हणून ४५ ने जाणार नाही आणि ती हर्षद संख्या नाही. असे गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असतात आणि पाया बदलला की तेही बदलतात. विभाजक, मूळ अवयव आणि वर्गांशी असलेले नाते यांचे तसे नसते. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते तेच राहतात. संख्येची ओळख करून घेताना मी या दुसऱ्या प्रकारच्या गुणधर्मांना अधिक महत्त्व देतो, आणि पुढचा सर्व भर त्यांवरच आहे.

चौथी पायरी : ७, ११ आणि १३ एकदम

७ × ११ × १३ = १००१ हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १००० ला १००१ ने भागणे म्हणजे −१ बाकी ठेवणे, म्हणून उजवीकडून तीन तीनचे गट करून ते आलटून पालटून अधिक आणि वजा घेतले की एका छोट्या संख्येवर तिन्ही अवयव तपासता येतात. मूळ संख्येसाठी ९६ − १३५ + ५९१ − ६ = ५४६. आता ५४६ = ७ × ७८ आणि ५४६ = १३ × ४२, म्हणून ७ आणि १३ दोन्हींनी भाग जातो. ११ ने भागल्यास ५४६ ची बाकी ७ येते. मागच्या पायरीत दोन दोनच्या गटांनीही ७ हीच बाकी दिली होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच बाकी आली याचा अर्थ दोन्ही बेरजा बरोबर असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि असे पडताळे फुकट मिळत असताना ते सोडू नयेत.

९१५४३५४३ ला ७ × १३ = ९१ ने भागल्यास १०,०५,९७३ मिळतात. उलट गुणाकार करून पाहू: १००५९७३ × ९० = ९०५३७५७०, त्यात १००५९७३ मिळवले की ९१५४३५४३.

७ किंवा १३ पुन्हा येतात का, हे उरलेल्या संख्येवर हीच कसोटी लावून पाहावे: ९७३ − ५ + १ = ९६९. त्याला ७ ने भागल्यास ३, ११ ने भागल्यास १ आणि १३ ने भागल्यास ७ बाकी उरते, म्हणून तिन्ही संपले. येथे एक धोका आहे. ९६९ चे अवयव ३ × १७ × १९ असे पडतात, आणि त्यावरून १००५९७३ ला १७ ने किंवा १९ ने भाग जातो असे वाटू शकते. पण ही कसोटी १००१ च्या बाकीवर आधारलेली असल्याने ती ७, ११, १३ यांच्याविषयीच बोलते; १७ आणि १९ विषयी तिचा निष्कर्ष शून्य आहे. ३ च्या बाबतीत तर हे उघडच दिसते, कारण १००५९७३ च्या अंकांची बेरीज २५ आहे.

पाचवी पायरी : उरलेल्या १००५९७३ चे काय करावे

आतापर्यंत ६५९११३५०९६ = ८ × ९ × ७ × १३ × १००५९७३ एवढे झाले. मर्यादा ८११८५ होती ती आता एकदम खाली आली आहे: १००५९७३ चे वर्गमूळ १००२ आणि १००३ यांच्या मध्ये आहे. १००२ पर्यंत १६८ मूळ संख्या आहेत, त्यांपैकी पहिल्या सहा तपासून झाल्या, १६२ उरल्या. त्या एकेक करून भागणे शक्य आहे, पण त्याआधी दोन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे अनेक मूळ संख्या एकत्र तपासणे. १७ × १९ × २३ = ७४२९. युक्लिडच्या रीतीने १००५९७३ आणि ७४२९ यांचा मसावि काढू. क्रमाने बाक्या ३०५८, १३१३, ४३२, १७, ७, ३, १ अशा येतात, म्हणजे मसावि १ आहे आणि तिन्ही मूळ संख्या एका हिशोबात बाद झाल्या. मध्ये १७ ही बाकी आली म्हणून थांबू नये. शून्याच्या लगेच आधीची बाकीच मसावि असते. अशा तऱ्हेने तीन तीन, चार चार मूळ संख्यांचे गुणाकार घेऊन पुढे जाता येते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे: अवयव शोधण्याआधी संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवून घेणे. संख्या मूळ निघाली तर अवयवांचा शोध व्यर्थ आहे. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की प ही २ हून मोठी मूळ संख्या असेल तर २ चा (प − १)वा घात घेऊन प ने भागल्यास बाकी १ च उरते. बाकी १ न उरल्यास संख्या नक्की संयुक्त असते, आणि हे एकही अवयव माहीत नसताना कळते. घात भला मोठा वाटला तरी तो वर्ग करत करत काढता येतो, आणि प्रत्येक वर्गानंतर बाकी घेतल्याने आकडे आटोक्यात राहतात. १००५९७२ हा घातांक २ च्या २०व्या घाताहून लहान असल्याने १९ वर्ग पुरतात. १००५९७३ या कसोटीत उतरत नाही, म्हणून ती संयुक्त आहे. हे अवयव सापडल्यानंतर कागदावर सहज पडताळता येईल, आणि ते आपण करूच.

उलट दिशेने मात्र ही कसोटी विश्वासार्ह नाही. ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त संख्या २ या पायाने (म्हणजे २ चा घात घेऊन) केलेल्या कसोटीत मूळ संख्येसारखी वागते, आणि ५६१ = ३ × ११ × १७ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) प्रत्येक पायाने फसवते. म्हणून प्रत्यक्षात मिलर आणि रॅबिन यांची कडक कसोटी वापरावी. १३७३६५३ पेक्षा लहान कोणतीही विषम संयुक्त संख्या त्या कसोटीत २ आणि ३ या दोन्ही पायांना चुकवू शकत नाही, म्हणून आपल्या उरलेल्या संख्येसाठी दोन पाया पुरेसे आहेत. ३२१५०३१७५१ पेक्षा लहान संख्यांसाठी २, ३, ५ आणि ७ हे चार पाया पुरतात. कोणत्याही आकाराच्या संख्येसाठी निश्चित आणि सैद्धांतिकदृष्ट्या जलद अशी रीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. तिचे सैद्धांतिक महत्त्व फार मोठे असले तरी रोजच्या कामात मिलर-रॅबिन कितीतरी वेगवान ठरते.

सहावी पायरी : फर्माची अवयव पाडण्याची रीत

कोणतीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता येते, कारण अ × ब हा गुणाकार (अ + ब)/२ चा वर्ग उणे (अ − ब)/२ चा वर्ग एवढा असतो. म्हणून वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करून त्याच्या वर्गातून संख्या वजा करावी आणि उरलेले पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे; नसल्यास पुढचा पूर्णांक घ्यावा. उरलेल्या संख्येच्या एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ असल्यास ती पूर्ण वर्ग असूच शकत नाही, त्यामुळे बरेच प्रयत्न केवळ नजरेने बाद होतात.

१००५९७३ साठी पहिला पूर्णांक १००३. त्याचा वर्ग १००६००९. वजाबाकी ३६, आणि ३६ हा ६ चा वर्ग आहे. म्हणजे पहिल्याच प्रयत्नात अवयव मिळाले: १००३ − ६ = ९९७ आणि १००३ + ६ = १००९.

एकेक मूळ संख्येने भागत गेलो असतो तर काय झाले असते हे पाहण्यासारखे आहे. ९९७ ही १००० खालची सर्वांत मोठी, म्हणजे १६८वी मूळ संख्या आहे. अगदी शेवटच्या भागाकाराला यश आले असते. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की भागाकाराची रीत सर्वांत दमवते आणि फर्माची रीत सर्वांत लवकर यश देते. स्वतः फर्माने २०२७६५१२८१ ही संख्या याच रीतीने ४४०२१ × ४६०६१ अशी फोडली होती. तेथे ४५०३० पासून सुरुवात करून ४५०४१ पर्यंत, म्हणजे बाराव्या प्रयत्नात, वजाबाकी १०२० चा वर्ग येते. अवयव एकमेकांपासून दूर असतील तर हीच रीत अतिशय संथ होते, म्हणून काही प्रयत्नांनंतर ती सोडून पुन्हा भागाकारांकडे वळण्याची तयारी ठेवावी. सांकेतिक लेखनाच्या आरएसए पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो आणि त्या मूळ संख्या फार जवळच्या असू नयेत अशी काळजी घेतली जाते, त्यामागचे कारण हेच आहे.

९९७ आणि १००९ मूळ आहेत का, हे गृहीत धरू नये. दोहोंचे वर्गमूळ ३१ आणि ३२ यांच्या मध्ये आहे, म्हणून ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्या पुरतात. २, ३ आणि ५ ने भाग जात नाही हे दिसतेच. ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१ यांनी भागल्यास ९९७ च्या बाक्या अनुक्रमे ३, ७, ९, ११, ९, ८, ११, ५ येतात आणि १००९ च्या १, ८, ८, ६, २, २०, २३, १७ येतात. एकही बाकी शून्य नाही, म्हणून दोन्ही मूळ आहेत.

आता राहिलेला पडताळा. १००५९७२ ला ९९६ ने भागल्यास १२ बाकी उरते, म्हणून २ च्या १००५९७२व्या घाताची ९९७ ने भागून येणारी बाकी २ च्या १२व्या घाताच्या, म्हणजे ४०९६ च्या, बाकीएवढी असते. ती १०८ आहे. १ नाही, म्हणून फर्माच्या कसोटीने १००५९७३ संयुक्त ठरणारच होती.

संपूर्ण मांडणी अशी: ६५९११३५०९६ = २ × २ × २ × ३ × ३ × ७ × १३ × ९९७ × १००९. भिन्न मूळ अवयव सहा, पुनरावृत्ती धरून नऊ.

सातवी पायरी : विभाजकांचा हिशोब

प्रत्येक विभाजक म्हणजे या मूळ अवयवांतून केलेली निवड. २ हा शून्यापासून तीनपर्यंत चार प्रकारे घेता येतो, ३ तीन प्रकारे आणि उरलेले चार प्रत्येकी दोन प्रकारे. म्हणून विभाजकांची संख्या ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. ते सर्व लिहायचे असल्यास प्रथम ६५५२ = ८ × ९ × ७ × १३ या लहान भागाचे ४८ विभाजक लिहावेत आणि त्यांना १, ९९७, १००९ आणि १००५९७३ यांनी गुणावे; अशाने एकही सुटत नाही.

विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज घेऊन त्या बेरजा गुणाव्यात: (१ + २ + ४ + ८) = १५, (१ + ३ + ९) = १३, मग ८, १४, ९९८ आणि १०१०. पहिल्या चारांचा गुणाकार २१८४०, शेवटच्या दोनांचा १००७९८०, आणि दोहोंचा २२,०१,४२,८३,२००. यातून संख्या स्वतः वजा केल्यास १५,४२,३१,४८,१०४ उरतात. ही बेरीज मूळ संख्येच्या दुपटीहूनही अधिक आहे, म्हणजे संख्या विपुल (स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज संख्येहून मोठी असलेली) आहे. खरे तर हे तिसऱ्या पायरीनंतरच सांगता आले असते: ६ ने भाग जाणाऱ्या आणि ६ हून मोठ्या प्रत्येक संख्येचा निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा हे तिघे विभाजक मिळूनच ती संख्या पूर्ण करतात, आणि १ हा विभाजक वर उरतो.

विभाजकांच्या बेरजेचे संख्येशी गुणोत्तर कोठून येते हे पाहिले की लहान अवयवांचे वजन कळते. २१८४० ला ६५५२ ने भागल्यास नेमके १०/३ येतात. ९९७ आणि १००९ या दोन मोठ्या मूळ संख्या हे गुणोत्तर ३.३३३ वरून सुमारे ३.३४० पर्यंतच नेतात.

संख्येहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, याचे ऑयलरचे सूत्र असेच चालते: ४ × ६ × ६ × १२ × ९९६ × १००८ = १७२८ × १००३९६८ = १,७३,४८,५६,७०४. हे प्रमाण सुमारे २६.३ टक्के आहे, आणि येथेही जवळजवळ सर्व घट लहान अवयवांमुळेच झाली आहे.

आठवी पायरी : वर्गांशी नाते

एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज होण्यासाठी तिच्या ज्या मूळ अवयवांना ४ ने भागल्यास ३ बाकी उरते त्यांचे घातांक सम असावे लागतात. येथे ३ चा घातांक २ आहे, पण ७ चा १ आहे, म्हणून ६५९११३५०९६ ही दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. तीन वर्गांसाठी लजांद्रची अट आहे: ४ शक्य तितक्या वेळा बाजूला काढल्यावर उरलेल्या संख्येला ८ ने भागून ७ बाकी उरू नये. आपल्याकडे ४ एकदा काढल्यावर १६४७७८३७७४ उरतात, त्यांची बाकी ६ आहे, म्हणून तीन वर्गांची बेरीज शक्य आहे.

संख्येच्या पोटातील १००५९७३ हा भाग मात्र या बाबतीत फार देखणा आहे. ९९७ आणि १००९ या दोहोंना ४ ने भागल्यास १ बाकी उरते. ९९७ = ३१ चा वर्ग + ६ चा वर्ग, आणि १००९ = २८ चा वर्ग + १५ चा वर्ग. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो; ही नित्यसमानता ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात याहून व्यापक रूपात मांडली होती. तिने दोन रूपे मिळतात. ३१ × २८ + ६ × १५ = ९५८ आणि ३१ × १५ − ६ × २८ = २९७ हे पहिले; ३१ × २८ − ६ × १५ = ७७८ आणि ३१ × १५ + ६ × २८ = ६३३ हे दुसरे. पडताळून पाहावे: ९१७७६४ + ८८२०९ = १००५९७३, आणि ६०५२८४ + ४००६८९ = १००५९७३.

ऑयलरने ही वाट उलटी चालून दाखवली. एखादी विषम संख्या दोन निराळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज म्हणून सापडली तर ती संयुक्त असते आणि अवयव त्यातूनच निघतात. आपल्या उदाहरणात सम संख्यांची वजाबाकी ९५८ − ७७८ = १८० आणि विषम संख्यांची ६३३ − २९७ = ३३६, त्यांचा मसावि १२; बेरजा १७३६ आणि ९३०, त्यांचा मसावि ६२. दोन्ही मसावि निम्मे केले की ६ आणि ३१ मिळतात, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ९९७. १८० आणि ३३६ यांना १२ ने भागले की १५ आणि २८, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १००९. ऑयलरने १०००००९ ही संख्या या मार्गाने फोडली: ती १००० आणि ३ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच २३५ आणि ९७२ यांच्याही वर्गांची, आणि तिचे अवयव २९३ × ३४१३ आहेत.

वर्गांच्या वजाबाकीची बाजूही पाहू. १९२ विभाजकांच्या ९६ जोड्या होतात. त्यांतील सर्वांत जवळची जोडी ७८ × १००९ = ७८७०२ आणि ८४ × ९९७ = ८३७४८ ही आहे, कारण ७८ आणि ८४ यांच्या मध्ये ६५५२ चा दुसरा विभाजक नाही. या जोडीची निम्मी बेरीज ८१२२५ आणि निम्मी वजाबाकी २५२३, म्हणून संख्या = ८१२२५ चा वर्ग − २५२३ चा वर्ग. त्यातही ८१२२५ हा स्वतः २८५ चा वर्ग आहे, त्यामुळे आपली संख्या २८५ च्या चौथ्या घातातून २५२३ चा वर्ग वजा करून मिळते. लहान अवयव न काढता फर्माची रीत थेट पूर्ण संख्येवर चालवली असती तर ८११८६ पासून ८१२२५ पर्यंत चाळीस प्रयत्न लागले असते, आणि हाती आलेल्या दोन्ही अवयवांची पुन्हा फोड करावी लागली असती. लहान अवयव आधी काढल्यावर एकाच प्रयत्नात काम झाले.

यंत्रावर हाच हिशोब करताना

३३ द्विमान अंक लागत असल्याने ही संख्या ३२ द्विमान अंकांच्या चिन्हरहित (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) पूर्णांकात मावत नाही. अशा जागेत ती भरली तर बहुधा कोणतीही सूचना न मिळता २२९६१६७८०० ही भलतीच संख्या उरते. तीही दहा अंकी असल्याने नुसते पाहून संशय येणे कठीण आहे, आणि तिला ८ नेही भाग जातो. पण तिच्या अंकांची बेरीज ४१ आहे, म्हणून ९ ची कसोटी चूक तत्काळ उघड करते. ६४ द्विमान अंकांच्या पूर्णांकात संख्या मावते, तिचा वर्ग मात्र मावत नाही: तो सुमारे ४३४ च्या पुढे सतरा शून्ये एवढा आहे आणि २ चा ६४वा घात सुमारे १८४ च्या पुढे सतरा शून्ये एवढाच आहे. त्यामुळे संपूर्ण संख्येवर घातांच्या बाक्या काढायच्या असल्यास कितीही मोठे पूर्णांक हाताळणारी सोय, जशी पायथॉन भाषेत असते, वापरावी. एक्सेलसारख्या तक्त्यात १५ अंकांपुढचे अंक अचूक राहत नाहीत, म्हणून १००५९७३ चा तेरा अंकी वर्ग तेथे बरोबर येतो आणि ६५९११३५०९६ चा वीस अंकी वर्ग येत नाही. बाकी काढण्याची आज्ञा अशा आधीच गोल झालेल्या आकड्यावर चालवल्यास ती दिसायला नेमकी पण निरुपयोगी बाकी देते, त्यामुळे प्रत्येक गुणाकारापूर्वी उत्तर किती अंकी येणार हे मोजून घ्यावे आणि गुणाकारानंतर दोन्ही बाजूंच्या ९ च्या आणि ११ च्या बाक्या जुळतात का ते पाहावे.